एका इनफ्यूजनवर तीन तास

दुपारी एक ते चार बंद असणाऱ्या दुकानांच्या शहरात माझा जन्म गेला. त्यामुळे कोलकात्याच्या कॉफी हाउसचं दार रविवारी दुपारी बंद दिसलं तेव्हा मला परक्या गावी आल्यासारखं वाटलंच नाही. चूक माझीच होती. पुण्याहून आझाद हिंद एक्स्प्रेसमध्ये दोन रात्री काढायच्या, हावड्याला उतरून पिवळी टॅक्सी करायची, सामान टाकून थेट कॉलेज स्ट्रीट गाठायचा, आणि रविवारी दुपारी इथे काही तास सुट्टी असते एवढं मात्र कुणाला विचारायचं नाही. खालच्या पानवाल्याने माझ्याकडे पाहून हाताने सूर्य खाली नेऊन दाखवला. संध्याकाळी या.

तो सबंध रस्ताच त्या दिवशी झोपलेला होता. एरवी इथे प्रेसिडेन्सी विद्यापीठाच्या कुंपणाला टेकून पुस्तकांच्या टपऱ्यांची लांबच लांब रांग लागते. बंगाली माणूस या भागाला ‘बोईपाडा’ म्हणतो. बोई म्हणजे पुस्तक. आपल्याकडे पाडा म्हटलं की डोंगराच्या कुशीतली दहा-पंधरा झोपड्या डोळ्यांपुढे येतात, इथे मात्र पुस्तकांची वस्ती आहे. रविवारी या टपऱ्या हिरव्या-निळ्या ताडपत्र्यांत गुंडाळलेल्या असतात. मी कॉलेज स्क्वेअरच्या तळ्याकाठी जाऊन बसलो. समोर विद्यासागरांचा पुतळा, पाण्यात पोहणारी पोरं, आणि चहूबाजूंनी एकोणिसावं शतक: १८१७ सालचं हिंदू कॉलेज, ज्याचं पुढे प्रेसिडेन्सी झालं, १८२४चं संस्कृत कॉलेज, १८३५चं मेडिकल कॉलेज, आणि १८५७ साली, मुंबई विद्यापीठाच्या काही महिने आधी, स्थापन झालेलं कलकत्ता विद्यापीठ. एवढी विद्या एका चौकात गोळा झाल्यावर तिथे बसायला जागा लागणारच.

सोमवारी पुन्हा गेलो. महात्मा गांधी रोड मेट्रो स्टेशनवर उतरलं की चालत काही मिनिटांचं अंतर. मात्र कॉलेज स्ट्रीटवर उभं राहून कॉफी हाउस शोधलं तर सापडत नाही. ते बाजूच्या बंकिम चॅटर्जी स्ट्रीटवर आहे. दर्शनी भागाने डोळे दिपावेत असं काही नाही. पुस्तकांच्या दुकानांमधून एक जिना वर जातो, भिंतींवर मोर्चांची, नाटकांची, लघुनियतकालिकांच्या अंकांची पोस्टरं एकावर एक चिकटवलेली. जिना चढताना वरून एक आवाज ऐकू येऊ लागतो. मला आधी वाटलं वर सभा चालू आहे. सभा नव्हती. साठ-सत्तर टेबलांवर एकाच वेळी लोक बोलत होते.

हॉल उंच आहे, दुमजली. छतापासून लांब दांड्यांना पंखे लोंबतात, वरच्या बाजूने सज्जा फिरतो आणि सज्ज्यातही टेबलं आहेत. भिंतीवर रवींद्रनाथांचं भलंमोठं चित्र. त्या चित्राखाली बसायला मिळावं म्हणून कुणी धडपडताना दिसलं नाही. सगळ्यांची धडपड पंख्याखालच्या टेबलासाठी. आणि या सगळ्यातून, डोक्यावर तुऱ्याचा पांढरा फेटा, अंगात पांढरा गणवेश, कमरेला पट्टा अशा थाटात वेटर फिरतात. लग्नाच्या वरातीतला नवरदेवाचा मामाच जणू हातात ट्रे घेऊन निघाला आहे.

मला टेबल मिळालं ते अर्धं. उरलेल्या अर्ध्यावर पांढऱ्या दाढीचे एक गृहस्थ वर्तमानपत्र वाचत होते. मी हिंदीत विचारलं, बसू का? ते म्हणाले, “बोशून, बोशून.” मग वेटर आला. मी कॉफी म्हणालो तर त्याने विचारलं, दुधाची की इनफ्यूजन? इनफ्यूजन म्हणजे बिनदुधाची, काळी, कडू. कॉफी हाउसचा हा खास शब्द आहे. नव्या माणसाने कॉफी मागावी आणि मुरलेल्याने इनफ्यूजन, असा इथला संकेत मला पहिल्या पाच मिनिटांत कळला. मी मुरलेल्याचा आव आणला.

आता या जागेची गोष्ट सांगायला हवी, कारण ती कॉफीपेक्षा बरीच जुनी आहे.

एप्रिल १८७६ मध्ये इथे ‘आल्बर्ट हॉल’ सुरू झाला. नाव इंग्रजांच्या राजघराण्यातलं, पण खटपट ब्राह्मो समाजाचे नेते केशवचंद्र सेन यांची. मराठी वाचकाला हे नाव अनोळखी नसावं. १८६४ साली केशवचंद्र मुंबईत आले, त्यांची व्याख्यानं गाजली आणि त्यातून मिळालेल्या चालनेतून १८६७ साली डॉ. आत्माराम पांडुरंगांनी मुंबईत प्रार्थना समाज काढला. पुढे रानडे आणि भांडारकर त्यात आले. म्हणजे ज्या माणसाच्या बोलण्याने आपल्याकडे एक समाज उभा राहिला, त्यानेच आपल्या गावात लोकांना बोलायला एक दिवाणखाना करून दिला होता.

त्या दिवाणखान्यात लोक बोलले, आणि नुसतं बोलले नाहीत. हॉल सुरू होऊन चार महिनेही झाले नव्हते, तोच २६ जुलै १८७६ रोजी सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि आनंदमोहन बोस यांनी इथेच ‘इंडियन असोसिएशन’ स्थापन केली. त्याच दिवशी सुरेंद्रनाथांचा मुलगा वारला होता, तरी ते सभेला आले. डिसेंबर १८८३ मध्ये पहिली ‘नॅशनल कॉन्फरन्स’ याच आल्बर्ट हॉलमध्ये तीन दिवस भरली. देशाच्या वेगवेगळ्या भागांतली माणसं एका छपराखाली बसून राजकारणावर बोलली. दोन वर्षांनी काँग्रेसचं पहिलं अधिवेशन खरं तर पुण्यात व्हायचं होतं. कॉलऱ्याची साथ आल्यामुळे ते मुंबईला, गोकुळदास तेजपाल संस्कृत कॉलेजात हलवावं लागलं. त्या वेळी सुरेंद्रनाथ मुंबईत नव्हते, कारण त्याच आठवड्यात कलकत्त्यात त्यांच्या कॉन्फरन्सचं दुसरं अधिवेशन होतं. काँग्रेसचा पहिला मान पुण्याच्या हातून कॉलऱ्याने गेला हे मला शाळेपासून पाठ होतं. तसंच काही करण्याचं धाडस या जिन्यावर आधीच झालेलं होतं, हे मात्र इतिहासाच्या तासाला कुणी सांगितल्याचं आठवत नाही.

कॉफी आली ती फार नंतर, आणि तिचा रस्ता मुंबईवरून गेला. बंगाल चहाचा प्रदेश. दार्जिलिंग त्याच्या माथ्यावर, आसाम शेजारी. इथे कुणाला कॉफीची तहान लागण्याचं काही कारण नव्हतं. पण दक्षिणेतल्या मळ्यांत पिकलेली कॉफी मंदीच्या काळात विकली जाईना, तेव्हा ती देशातच खपवायची ठरली. त्यासाठी कॉफी सेस कमिटीने १९३६ साली पहिलं ‘इंडिया कॉफी हाउस’ उघडलं ते मुंबईत, चर्चगेटला. मग महायुद्धाने युरोपची बाजारपेठही तोडली आणि कॉफी हाउसांची संख्या वाढत गेली. १९४२ साली आल्बर्ट हॉलमध्ये कॉफी शिजू लागली. सरकारी खात्याने माल खपवण्यासाठी काढलेलं हे दुकान. त्यातून बंगाली साहित्याचा अर्धा संसार उभा राहील अशी अपेक्षा त्या खात्यातल्या एकाही कारकुनाने केली नसणार.

पन्नासच्या दशकात ही दुकानं चालवणाऱ्या कॉफी बोर्डाला ती नकोशी झाली. देशभर कॉफी हाउसं बंद होऊ लागली, कामगार रस्त्यावर येऊ लागले. केरळचे कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांनी त्या कामगारांना सांगितलं की तुम्हीच चालवायला घ्या. पहिली सहकारी संस्था १९ ऑगस्ट १९५७ रोजी बंगळूरला निघाली, त्याच ऑक्टोबरात दिल्लीला तिच्या धर्तीवर कॉफी हाउस उघडलं, मार्च १९५८ मध्ये त्रिशूरला. कलकत्त्याचं कॉफी हाउसही १९५८ साली बंद करायचं ठरलं होतं. तेव्हा प्रेसिडेन्सी आणि विद्यापीठातल्या प्राध्यापकांनी सरकारला निवेदन धाडलं आणि त्याच वर्षी दार पुन्हा उघडलं, ते कामगारांच्या सहकारी संस्थेच्या हातात. आजही ते तसंच चालतं.

सहकार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे साखर कारखाना येतो, त्याचे चेअरमन येतात, निवडणुकीतल्या जिपा येतात. इथे तुरेवाल्या फेट्यातला जो माणूस आपल्यापुढे कप ठेवतो तोच संस्थेचा सभासद असतो. मी पाहिलेल्या गोष्टींपैकी मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती हीच. हॉटेलात गिऱ्हाइकाला उठवायची घाई कुणाला असते? मालकाला. टेबल किती वेळा रिकामं झालं यावर त्याचा गल्ला ठरतो. पुण्यात मी ‘काम झाल्यावर टेबल अडवून बसू नये’ अशा अर्थाच्या पाट्यांखाली वाढलो. मुंबईच्या इराण्याकडे तर आरशाशेजारी सूचनांची यादीच असायची. इथे कप रिकामा झाला की माझा हात आपोआप पिशवीकडे गेला. समोरचे गृहस्थ वर्तमानपत्राच्या वरून म्हणाले, “कुठे निघालात?” मी म्हणालो, “झाली कॉफी.” त्यांनी कपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “मग?”

या ‘मग’चं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी बसलो.

बंगालीत अशा बसण्याला ‘आड्डा’ म्हणतात. मराठीत हा शब्द बदनाम आहे. जुगाराचा अड्डा, दारूचा अड्डा, फार तर बैलगाड्यांचा अड्डा. पोलिसांनी धाड घालावी अशीच ती जागा असते. बंगालीत मात्र आड्डा ही घरंदाज गोष्ट आहे. आपण गप्पा मारतो, त्यांना विषय लागत नाही. आड्ड्याला विषय लागतो, पण त्यात निकाल लागलेला चालत नाही. माझ्या मागच्या टेबलावर पाच मुलं तासभर एकाच सिनेमावर भांडत होती. मला बंगाली जेमतेम समजतं, तरी एवढं कळलं की त्यातल्या दोघांनी तो सिनेमा पाहिलेलाच नव्हता, आणि सगळ्यात तावातावाने तेच बोलत होते.

मधे भूक लागली म्हणून चिकन कबिराजी मागवलं. बंगालीत कबिराज म्हणजे वैद्य, त्यामुळे नावावरून मला काढ्याची शंका आली होती. प्रत्यक्षात ते कटलेट निघालं. वरून फेटलेल्या अंड्याचं नाजूक जाळीदार वेष्टण, साधारण अनारशाला पडते तशी जाळी, आणि आत मसाल्यात मुरवलेलं मांस. तेल कडकडीत असताना अंड्याचं पातळ मिश्रण हाताने वरून शिंपडत जायचं, त्याची जाळी धरली की कटलेट त्यात गुंडाळायचं, असं त्याचं तंत्र. ‘कव्हरेज’ या इंग्रजी शब्दाचं बंगाली जिभेवर कबिराजी झालं, असं सांगतात. मला ही व्युत्पत्ती फार आवडली, म्हणून ती खरी असावी अशी माझी इच्छा आहे. कवीराजांशी तिचा संबंध जोडायचा तर तोही इथे जुळतोच, कारण या हॉलमध्ये कवींना काही तोटा नव्हता.

सुनील गंगोपाध्याय आणि त्यांच्या मित्रांनी १९५३ साली ‘कृत्तिबास’ हे कवितेचं नियतकालिक काढलं. त्या मंडळींचं हे घरच. शक्ती चट्टोपाध्याय त्यातलेच. १९६२ साली अॅलन गिन्सबर्ग कलकत्त्यात येऊन राहिला तेव्हा त्यालाही याच टेबलांवर दोस्त मिळाले. साठच्या दशकाच्या शेवटी इथल्या चर्चा कवितेवरून बंदुकीवर गेल्या. नक्षलबारीच्या उठावाच्या बाजूने उभी राहिलेली प्रेसिडेन्सीची कितीतरी पोरं रस्ता ओलांडून इथेच येऊन बसत. कोणत्या टेबलावर पत्रकं लिहिली गेली आणि कोणत्या टेबलावर साध्या वेशातला पोलीस कॉफी पीत होता, याच्या दंतकथा आता ज्याच्या त्याच्या तोंडी वेगळ्या आहेत. माझ्या टेबलावरच्या गृहस्थांनी दोन सांगितल्या. दोन्हींत ते स्वतः हजर होते आणि दोन्ही एकाच संध्याकाळी घडल्या होत्या.

कृत्तिबासच्या मागोमाग, १९५४ साली, मुंबईत अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि रमेश समर्थ यांनी सायक्लोस्टाइल करून ‘शब्द’ काढलं होतं. मराठीतल्या लघुनियतकालिकांची ती सुरुवात. तोच जमाना, तशीच पोरं. कोलटकरही पुढे वर्षानुवर्षं एका हॉटेलात बसत. काळा घोड्याच्या ‘वेसाइड इन’मधल्या खिडकीतून त्यांनी समोरचा चौक पाहिला आणि त्या चौकावर कवितांचं एक अख्खं पुस्तक लिहिलं. वेसाइड इन बंद पडलं. ते वाचवायला विद्यापीठातले प्राध्यापक निवेदन घेऊन कुठे गेले नाहीत, आणि गेले असते तरी ऐकायला कुणी नव्हतं. ती मालकाची जागा होती, मालकाने ती चालवेनाशी झाल्यावर सोडली. त्याला दोष कसा द्यायचा? पण कोलकात्याच्या त्या पंख्याखाली बसून मला तिचीच आठवण येत राहिली, हे खरं.

कॉफी हाउसबद्दल बोलताना मन्ना देंच्या गाण्याला वळसा घालून जाता येत नाही. १९८३ सालचं हे गाणं गौरीप्रसन्न मजुमदारांनी लिहिलं आणि सुपर्णकांती घोषांनी त्याला चाल दिली. कॉफी हाउसमध्ये रोज भेटणारे सात जण, आता कोण कुठे आहे, एवढाच त्याचा विषय. एक पॅरिसला, एक ढाक्याला, एक श्रीमंत घरात सुखात, एक वेड्यांच्या इस्पितळात, एक कर्करोगाने खंगलेला. आणि एक मातीखाली. हा मातीखाली गेलेला म्हणजे ग्रँड हॉटेलात गिटार वाजवणारा डिसूझा, गोव्याचा! गाण्यातली माणसं काल्पनिक आहेत, पण हा डिसूझा कवीला कुठून तरी शोधून आणावा लागला नसेल. मुंबईप्रमाणेच कलकत्त्याच्या हॉटेलांतही गोव्याच्या वादकांनी पिढ्यान्‌पिढ्या वाद्यं वाजवली आहेत. मन्ना देंनीही आयुष्याचा मोठा काळ मुंबईत काढला. ‘वरदक्षिणा’ चित्रपटातलं पावसाचं गाणं ज्यांच्या कानात आहे त्यांना तो आवाज परका नाही. कॉफी हाउसचं ते गाणं इथे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला येत असतं. मीही गुणगुणलो. वेटरने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू पंढरपुरात एखाद्या पर्यटकाने बडव्यालाच विठ्ठलाची माहिती सांगायला घ्यावी. त्यानंतर मी गुणगुणलो नाही.

पुढचे तीन दिवस माझा दिनक्रम ठरून गेला. सकाळी बोईपाड्यात पुस्तकं, दुपारी कॉफी हाउस, आणि मधे तहान लागली तर कॉलेज स्क्वेअरजवळच्या ‘पॅरामाउंट’मध्ये शहाळ्याचं सरबत. ते दुकान १९१८ सालचं आणि या डाब सरबताची कृती रसायनशास्त्रज्ञ प्रफुल्लचंद्र राय यांनी दिली, असं तिथे अभिमानाने सांगतात. पेल्यात शहाळ्याचं पाणी आणि तळाशी मऊ मलई. उन्हात फिरून आल्यावर या सरबतासमोर इनफ्यूजनचं काही चालत नाही, पण तिथे तीन तास बसता येत नाही.

पुस्तकं शोधत होतो त्यालाही कारण होतं. मला सखाराम गणेश देउसकरांचं ‘देशेर कथा’ हवं होतं. देउसकरांचं घराणं मूळचं कोकणातलं. त्यांचा स्वतःचा जन्म १८६९ सालचा, देवघरजवळच्या खेड्यातला. घरात मराठी, लिहिणं बंगालीत. ब्रिटिश राजवटीने हिंदुस्थानची लूट कशी केली हे त्यांनी आकडेवारीनिशी बंगाली वाचकांसमोर १९०४ साली या पुस्तकातून मांडलं. पुस्तकाने वंगभंगाच्या दिवसांत इतकी खळबळ केली की १९१० साली सरकारने त्यावर बंदी घातली. बंगालमध्ये शिवाजी उत्सव रुजवण्यातही देउसकर पुढे होते. त्यांच्या शिवाजीवरच्या पुस्तिकेसाठीच रवींद्रनाथांनी शिवाजी उत्सवावरची आपली कविता लिहिली. असा माणूस आपल्याकडे आज किती जणांना ठाऊक आहे, हा प्रश्न मी टपऱ्या धुंडाळताना स्वतःला विचारत होतो. उत्तर सांगण्यासारखं नव्हतं. मलाही दहा वर्षांपूर्वी ठाऊक नव्हता.

बोईपाड्यात पुस्तक शोधायचं नसतं, सांगायचं असतं. टपरीवाल्याला नाव सांगितलं की तो दुसऱ्या टपरीकडे ओरडतो, तो तिसरीकडे, आणि आपण स्टुलावर बसून चहा पीत राहतो. पहिले दोन दिवस ओरडण्याचा उपयोग झाला नाही. एकाने अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षेची गाइडं पुढे केली. या बाजाराचं पोट आज त्यांच्यावरच चालतं, हे तिथली चळत पाहून कुणालाही कळेल. तिसऱ्या दिवशी, निघायच्या आधीच्या काही तासांत, एका पोराने धूळ झटकत पुनर्मुद्रणाची एक प्रत आणून दिली. मुखपृष्ठ फाटलेलं, आतली पानं शाबूत. मी घासाघीस केली नाही. पुणेकर म्हणून ही गोष्ट लिहिताना संकोच वाटतो.

पुस्तक घेऊन जिना चढलो. पांढऱ्या दाढीचे गृहस्थ आपल्या जागी होतेच. “मिळालं?” त्यांनी हात पुढे केला. मी दिलं. त्यांनी चष्मा बदलला, पहिलं पान उघडलं, मग दुसरं. मी माझी कॉफी संपवली. ते वाचत होते. मधेच एका पानावर बोट ठेवून त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या ओळखीच्या माणसाला हाक मारली, तो खुर्ची ओढून आला आणि दोघांत ब्रिटिशांच्या मीठकरावरून वाद सुरू झाला. थोड्या वेळाने मागच्या टेबलावरचा एक मुलगाही त्यात पडला. पुस्तक आता तिघांच्या मधे होतं आणि माझ्या हाताला लागेल असं दिसत नव्हतं.

मी घड्याळ पाहिलं. गाडी रात्रीची होती. फेटेवाला शेजारून चालला होता, त्याला हात केला आणि आणखी एक इनफ्यूजन मागवलं.